मी गोड म्हटलेलं पाणी

आमच्या गावी आलेला पाहुणा पाण्याचा पहिला घोट घेतो आणि पेला हळूच खाली ठेवतो. मग तो चहालाही नको म्हणतो, कारण आमच्या पाण्याच्या चहात दूध फाटतं हे त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. गाव भातकुली तालुक्यात, खारपाण पट्ट्यातलं. म्हणजे वर काळीभोर माती आणि तिच्या पोटात मिठाचं पाणी. विहीर खणा, हापशी बसवा, खालून येणार ते खारंच. साबणाला फेस येत नाही, केसांच्या जटा होतात, आणि पन्नाशीनंतर मुतखडा न झालेला माणूस आमच्याकडे सापडलाच तर लोक त्याच्याकडे जरा संशयानं बघतात.

आता विहारासमोर नळ आहे. त्याला लांबच्या धरणाचं पाणी येतं, येतं तेव्हा. मधल्या दिवसांत हापशी आहेच. या हापशीवर वाढलेल्या जिभेचं एक होतं. तिला खारं कळतच नाही. जास्त खारं आणि कमी खारं एवढंच कळतं, आणि कमी खाऱ्याला आमच्याकडे गोड म्हणतात.

मी भातकुलीच्या शाळेत शिकलो आणि पुढे अमरावतीला वसतिगृहात राहून पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली. वसतिगृहातलं पहिल्या दिवशीचं पाणी मला मेलेलं वाटलं. त्याला चवच नव्हती. पहिले काही आठवडे मी पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्यायचो, कुणी बघत नसताना. मग जीभ बदलली. दिवाळीला घरी गेलो, हापशीचं पाणी तोंडात घेतलं आणि ते मला पहिल्यांदाच खारं लागलं. मायसमोर मी ते गिळलं.

विषय घेतला रसायनशास्त्र. एमएस्सी झालो, बीएड केलं, अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. पाण्याची कठीणता ब्युरेटनं कशी मोजायची, हे मी दर वर्षी अकरावी-बारावीच्या मुलांकडून करून घेतो. हे आधी सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते अडाणी माणसानं केलेलं नाही.

बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात सालदार होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी तीन एकर घेतलं, मायच्या नावानं, आणि दोन हंगाम करून ते गेले. तेव्हापासून ते वावर मायचं. ओलीत नाही, सगळं पावसावर. मृगात मूग, त्याच्या मागे हरभरा. आमची माती पावसाचं पाणी धरून ठेवते, महिने महिने. वरून भेगाळलेली दिसते, पण हातभर उकरून बोट लावलं तर ओल लागते. त्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर मायचा हरभरा यायचा. दाणा बारीक, पण गावात तिच्याकडचा हरभरा बियाण्याला मागून न्यायचे. थंडीत ती उजाडायच्या आत पातळ धुतलेलं धोतर हरभऱ्यावर अंथरायची. पानावरचं आंबट दहिवर त्याला लागलं की पिळून बाटलीत भरायची. त्या पाण्याला आंब म्हणतात. पोटदुखीवर सगळं गाव तिच्याकडून न्यायचं.

मी नोकरीला लागलो तेव्हा म्हटलं, आता हिचे कष्ट थांबवू. म्हटलं, अकोल्याला चल. ती म्हणाली, "तिथी कराचं काय? गॅलरीत उभं राहाचं?"

मग मी ठरवलं, ती वावर सोडत नाही तर वावर सुधारू. सुधारणे हा शब्द मी शाळेत शिकलो होतो आणि त्यावर माझा फार विश्वास होता.

त्या वर्षांत आमच्या भागात बोअरच्या गाड्या फिरायला लागल्या होत्या. उंच, पिवळ्या, घरघरणाऱ्या. त्यांचे कामगार दक्षिणेकडचे, कुणाशी बोलत नसत, आणि गाडी रात्रंदिवस भोकं पाडत असे. त्याआधी गावात एक साधा रिवाज होता: खालचं पाणी पोटाला, वरचं पाणी वावराला. हापशीचं पाणी माणसानं प्यावं, बैलानं प्यावं, पण मातीला पाजू नये. का, ते कुणी सांगायचं नाही. म्हाताऱ्यांना कारण विचारलं की ते म्हणायचे, पाजत नाहीत. आम्ही शिकलेल्या पोरांनी अशा उत्तराला हसायचं असतं, म्हणून हसलो.

रिवाज पहिला मोडला माझ्या चुलतभावानं. त्याचं वावर आमच्या वावराला लागून, चढाच्या बाजूला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्यानं बोअर घेतली, स्प्रिंकलर लावले, कांदा आणि गहू काढला. कृषी केंद्रवाल्या दुकानदारानं त्याच्या शेतात मांडव टाकून मेळावा भरवला. पडद्यावर हिरव्यागार शेतांची चित्रं दाखवली. ती शेतं कोणत्या देशातली होती कोण जाणे, पण तिथली माती लाल होती. काळ्या मातीतल्या दीडशे माणसांना लाल मातीतली चित्रं दाखवून सांगितलं की पाणी म्हणजे प्रगती, आणि दीडशे माणसांनी माना हलवल्या. त्यात मीही होतो. खास अकोल्याहून एसटीनं आलो होतो. दादाला शाल आणि नारळ मिळाला. भाषण करणाऱ्यानं खारपाण हा शब्द एकदाही उच्चारला नाही. पाहुण्यानं घरी येऊन घरच्या माणसाच्या आजाराबद्दल बोलू नये, इतका सभ्य माणूस तो.

मायला मी बोअरबद्दल सांगितलं तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कोणाले पाजाचं ते पाणी?" तिनं विचारलं.

"हरभऱ्याला. स्प्रिंकलरनं."

"हरभऱ्याले तहान नाई लागत."

"माय, पाणी दिलं तर दुप्पट येतो."

"दुप्पट कोण खाणार? तू तिकडे, मी इकडे एकली."

मी तिला उत्पादकतेबद्दल बरंच सांगितलं. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "तुले वाटते त कर बाबू. तुले शिकवलं ते उगीच नाई."

या वाक्याला मी परवानगी समजलो.

जागा दाखवायला पाणाड्या आणला. रसायनशास्त्राच्या शिक्षकानं पाणाड्या आणला, हे मी अजून महाविद्यालयात कुणाला सांगितलेलं नाही. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरभर चालला आणि जिथे नारळ उभा राहिला तिथे त्यानं खडा ठेवला. दादा मला म्हणाला, "मास्तर, हा माणूस चुकत नाई. माह्या बोअरले यानंच जागा दिली." खरंच होतं. खारपाण पट्ट्यात खाली सगळीकडेच पाणी आहे, त्यामुळे चुकणं शक्य नाही. नारळ कुठेही उभा राहिला असता तरी पाणी लागलंच असतं. प्रश्न कोणतं लागणार एवढाच होता, आणि तो नारळाला कुणी विचारला नव्हता.

गाडी आली, दुपारपर्यंत घरघरली, आणि मग राखाडी चिखल उडवत पाणी वर आलं. अर्धं गाव जमलं होतं. चिखल सरून पाणी निवळलं तसं दादानं ओंजळ भरली, चूळ भरली, गिळलं आणि म्हणाला, "गोड हाय."

मग एकेकानं प्यायलं. पाणाड्या म्हणाला गोड. सरपंच म्हणाले माझ्या बोअरपेक्षा गोड. एका म्हाताऱ्यानं दोनदा प्यायलं आणि म्हणाला, शरबत हाय. ही सगळी माणसं खरं बोलत होती. त्यांच्या जिभेला ते गोडच होतं.

मग ओंजळ माझ्यासमोर आली. मी प्यायलो. खारं होतं. जिभेच्या कडेला, घशात, सगळीकडे खारं. वसतिगृहाच्या पाण्यानं बदललेली माझी जीभ त्या घोळक्यात एकटीच होती आणि ती अगदी स्पष्ट सांगत होती. नारळ फुटला होता, माय पदर डोक्यावर घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "गोड आहे."

माय जवळ आली. पाणी प्यायली नाही, बोटांवर घेऊन चोळलं. म्हणाली, "कळशीभर घरी नेतो. तुरीची दाळ टाकून पाहू."

आमच्याकडच्या बायकांची पाण्याची परीक्षा ती. खाऱ्या पाण्यात तूर शिजत नाही, दाणा दाताखाली येतो. घरात नवी सून आली की तिला पहिली गोष्ट हीच शिकवतात, कोणत्या विहिरीच्या पाण्यात दाळ होते आणि कोणत्या नाही.

मी लोकांसमोर हसलो. म्हणालो, "माय, मी केमिस्ट्री शिकवतो. दाळीनं कशाला पाहायचं?"

लोक हसले. दादा म्हणाला, "काकू, मास्तराले दाळीचा भाव नोका सांगू."

संध्याकाळी तिनं दाळ टाकलीच. चूल पेटती ठेवून ती बसून राहिली. जेवायला वाढलं तेव्हा वाटीत पिवळं पाणी आणि त्यात अख्खे दाणे. मी चावून खाल्ले. ती म्हणाली, "नाई शिजली." मी म्हणालो, "चुलीवर असंच होतं. तुला कुकर आणतो." पुढच्या रविवारी मी खरंच प्रेशर कुकर घेऊन गेलो. त्यात तीन शिट्ट्यांत दाळ मेण झाली आणि मी मायकडे असं पाहिलं जणू पाणी गोड झालं होतं.

पहिल्या हिवाळ्यात हरभरा मांडीइतका वाढला. मी वावरात उभं राहून फोटो काढला, महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना दाखवला. पुढच्या मेळाव्यात मला बोलावलं. 'प्रगतशील शेतकरी' असं छापलेलं प्रमाणपत्र माझ्या नावानं दिलं. ज्या माणसानं वखराला हात लावून पंधरा वर्षं झाली होती त्याला. वावर मायचं, मेहनत मायची, ती मांडवात मागच्या बायकांत बसली होती. मी प्रमाणपत्र घेताना तिच्याकडे पाहून हात जोडले. त्या वेळी मला ती कृतज्ञता वाटली होती. ते प्रमाणपत्र माझ्याकडे अजून आहे, आणि त्याच्यावरची कणसं लाल मातीत उभी आहेत.

त्या हिवाळ्यात आंब मिळाली नाही. स्प्रिंकलरनं पानं धुतली जात होती. मायनं दोन पहाटे धोतर अंथरून पाहिलं, चाखलं, आणि धोतर घडी करून ठेवून दिलं. पोटदुखीवाल्यांना ती म्हणायची, मेडिकलमध्ये जा.

दुसऱ्या वर्षी हरभरा मधे मधे पिवळा पडला. दुकानदाराला विचारलं. त्यानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि काळ्या बाटल्या काढल्या. एकीवर सिंह, एकीवर पळता घोडा. "साहेब, तुमी शिकलेले हा. तुमाले काय सांगाचं. मातीले टॉनिक पायजे." मातीला टॉनिक हवं हे मी विज्ञानाचा माणूस ऐकून घेत होतो. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, किती आहे ते नव्हतं, पण सिंह होता. मी दोन्ही घेतल्या. विद्यार्थ्यानं लेबल नसलेल्या बाटलीतलं द्रावण वापरलं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढतो.

तिसऱ्या वर्षी मला दिसायला लागलं, म्हणजे मायला आधीच दिसलं होतं. ती म्हणाली, "पाय रुतत नाई." पाऊस पडल्यावर काळ्या वावरात चाललं की पायाला माती चिकटते, चप्पल जड होते, शिव्या देत चालावं लागतं. आमच्या वावरात आता पाणी ताटात ठेवल्यासारखं वरच उभं राहायचं आणि खाली माती कोरडी. वाळलं की कातडीसारखा पापुद्रा. सऱ्यांच्या काठाला पांढरी रेघ, जशी घाम वाळलेल्या सदऱ्यावर येते. ट्रॅक्टरनं नांगरलं तर डोक्याएवढी ढेकळं निघाली आणि ती पुढच्या पावसातही फुटली नाहीत. हरभरा पेरला तो अर्धा उगवलाच नाही. ज्या घरातून गाव बियाणं न्यायचं त्या घरात मायनं त्या वर्षी बियाणं बाजारातून आणलं.

दादाचं वावर याच्याही पुढे गेलं होतं. त्याच्याकडे दोन बोअर होत्या. पण त्याच्याकडे एकर जास्त होते, त्यामुळे एक तुकडा मेला की तो दुसऱ्या तुकड्यावर स्प्रिंकलर सरकवायचा. गावाखालचा नाला पूर्णेला जातो. लहानपणी आम्ही त्यात उन्हाळ्यापर्यंत टोपलीनं मासोळ्या धरायचो. आता त्याच्या काठाची माती पांढुरकी होती, बाभळीसुद्धा शेंड्याकडून वाळत होत्या, आणि मासोळ्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं. वरच्या सगळ्या वावरांचं ओलीत शेवटी तिथेच झिरपतं. गावानं एवढं मन लावून, एवढ्या एकजुटीनं दुसरं कोणतं काम केल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा कुठे मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायचं होतं. बोअरचं पाणी बाटलीत भरून महाविद्यालयात नेलं. प्रात्यक्षिकं संपल्यावर दार लावलं आणि मुलांना शिकवतो त्याच ब्युरेटनं तपासलं. रंग बदलेपर्यंत जितकं द्रावण लागेल तितकं पाणी वाईट; द्रावण संपलं, रंग बदलला नाही. पुन्हा भरलं. माझ्या तक्त्याची शेवटची ओळ मागे पडली तरी रंग बदलेना. तोवर खिडकीतून ऊन गेलं होतं आणि शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता.

पाणी आणि माती दोन्ही घेऊन मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या साहेबांनी काही दिवसांनी अहवाल हातात ठेवला आणि विचारलं, "या पाण्यानं ओलीत केलं?"

"हो. तीन वर्षं."

"कोणी सांगितलं होतं?"

मी अहवालाची घडी घातली. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "शिक्षण?"

"एमएस्सी. केमिस्ट्री."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग शांतपणे सांगितलं की जमीन चोपण होत चालली आहे. या पाण्यातला सोडा चिकणमातीचे कण सोडवतो, ते आतल्या फटी बुजवतात, मग पाणी खाली जात नाही, मुळं जात नाहीत, हवा जात नाही. हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर मी पूर्ण गुण घेतले असते. उपाय काय, विचारलं. बोअर बंद करा, जिप्सम टाका, हिरवळीचं खत गाडा, पावसाच्या पाण्यानं धुऊ द्या. किती दिवस? ते म्हणाले, "बिघडवायला तीन वर्षं लागली ना? सुधारायला तेवढ्यात होत नसते."

मायला सांगायला गेलो तेव्हा ती अंगणात सूप घेऊन बाजारच्या बियाण्यातले किडके दाणे निवडत होती. मी अहवाल वाचून दाखवला. सोपा करून.

ती म्हणाली, "मले त त्याच दिवशी माईत होतं."

"मग बोलली काहून नाही?" मी एकदम घरच्या भाषेवर आलो.

"बोललो नाई? दाळ वाढली ना तुले."

"तशी नाही. स्पष्ट."

"तू बारा जणांत म्हणला गोड हाय. तुह्या तोंडावर मी खारं म्हणू? मंग लोकं म्हणतीन, हिच्या पोरानं शिकून केलं काय." तिनं सूप झटकलं. "तुले खारं लागलं होतं का नाई?"

मी हो म्हणालो. तीन वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं.

तिनं एक किडका दाणा बाहेर टाकला. मग म्हणाली, "सारं गाव खारं पेत होतं, त्याइले कळलं नाई. एक तुले कळत होतं."

बोअर बंद केली. मोटर वर काढली आणि पाइपाच्या तोंडावर सिमेंट ओतलं. दादा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. "काहून बुजवून राह्यला? मले दे. मी पाइप टाकून घेतो." मी त्याला अहवाल दाखवला. त्यानं उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "मास्तर, कागदावर त माह्यं बी वावर मेलं म्हणून लिहून येईन. मी का मेलो?" मग मायला म्हणाला, "काकू, पोरगं शिकवून पस्तावले तुमी."

माय म्हणाली, "तुह्या मायनं नाई शिकवलं तुले, तिले बी सुख कुठी हाय?" दादा हसला. तो चांगला माणूस आहे, घरी लग्न असलं की सगळ्यांत आधी येतो. त्याची दुसरी बोअर त्या वेळी मागे घरघरत होती.

त्याच हिवाळ्यात कळलं की आपली बोअर बुजवून भागत नाही. दादाच्या वावराचा उतार आमच्याकडे. त्याचे स्प्रिंकलर फिरले की चार दिवसांनी आमच्या वरच्या धुऱ्याखालून ओल पाझरायची आणि वाळली की तिथे पांढरं. मी त्याला म्हणालो, पाणी कमी दे. तो म्हणाला, पाणी तुझ्याकडे मी पाठवतो का, ते आपल्या पायानं जाते.

मग आम्ही चर खणला. वरच्या धुऱ्यालगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेइतका खोल, पाणी अडवून बाजूच्या नाल्यात सोडण्यासाठी. दादाचं खारं पाणी आम्ही आमच्या वावरातून हाकललं आणि नाल्याच्या गळ्यात घातलं, बाभळींच्या मुळाशी. आता शुद्ध झालेल्या आम्हालाही ते खारं टाकायला दुसरी जागा नव्हती. जेसीबी आली नाही, कारण चर अरुंद हवा होता, म्हणून सुट्टीत मी आणि दोन मजूर. गाव बघायला यायचं. चावडीवर माझी टिंगल चालायची. एकजण म्हणाला, "लोकं पाणी येवाले खड्डे खणतेत. हे मास्तर पाणी जावाले खणून राह्यले." दुसरा म्हणाला, "अमरावतीले शिकले ना." मी ऐकलं. वाक्य बरोबर होतं.

मायनं एके दिवशी मजुरांना आणि मला जेवण वावरातच आणलं. धुऱ्यावर बसून आम्ही खाल्लं. तिनं चराकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तुह्या बाबानं केलं असतं त सरळ खणलं असतं. तुहा वाकडा हाय." वाकडा होता.

त्याच्यापुढे दोन पावसाळे गेले. जिप्सम टाकलं. हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि फुलावर यायच्या आत गाडला. पावसानं जेवढं धुतलं तेवढं धुतलं. चराच्या लगतचा वरचा पट्टा, साधारण एकरभर, त्यानं थोडं ऐकलं. गेल्या पावसात माय तिथून चालत आली आणि अंगणात चपला दगडावर आपटत माती काढायला लागली. शिव्या देत होती. मी पाहिलं, आणि माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून आत गेलो.

खालचे दोन एकर तसेच. तिथे अजून पाणी ताटात उभं राहतं. पेरलं तर ठिपक्या ठिपक्यांनी उगवतं, आणि धैंचासुद्धा तिथे गुडघ्याइतकाच वाढतो, जो कुठेही माजतो.

या हिवाळ्यात तिनं वरच्या पट्ट्यात हरभरा टाकला. पाणी न देता. बियाणं कुठून आणलं विचारलं तर म्हणाली, कधीकाळी तिच्याकडून नेलेल्या एका घरातून मागून आणलं. त्यांनी ते दर वर्षी जपून ठेवलं होतं. हरभरा आला आहे. फार नाही, पण ओळी भरल्या आहेत. मी धुऱ्यावर उभा राहून खालच्या दोन एकरांकडे पाहत म्हणालो, "याचं काय करायचं, माय? पडीत ठेवू की अजून जिप्सम टाकू?"

ती वाकून पानं बघत होती. वर न बघताच म्हणाली, "वरचं माह्यं. ते मी करतो."

"आणि खालचं?"

"ते तू बिघडवलं. ते तुह्यं." मग पुढच्या झाडाकडे सरकत, "माह्यानं तेवढे दिस होत नाई आता. तू सुधरवजो."

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं निघतो, बडनेऱ्याला बदलतो, दुपारपर्यंत वावरात असतो. ढेकळं कुदळीनं फोडतो, कारण ट्रॅक्टर ती नुसती उलटी करतो. एका रविवारी चार सऱ्या होतात. माय वरच्या पट्ट्यात तिचं काम करत असते आणि मधेच ओरडून सांगते की मी कुदळ चुकीची धरली आहे. ती बरोबर असते. मी धरण्याची जागा बदलतो आणि पुढची सरी घेतो.